उद्या रंग म्हणजे आज तेल

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. मोटारीचा, पुढचा. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव काही फार गोड नाही. ज्याचा जन्मच पुढे राहून धक्के खाण्यासाठी झाला, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा कुणी करू नये. त्यात यंदाच्या भाद्रपदात माझ्यावर जे गुदरलं, ते तुमच्यावर गुदरलं असतं तर तुम्हीही असेच चिडचिडे झाला असता.

पुष्कळांना वाटतं, बंपर लोखंडाचा असतो. पूर्वी असेल. मी प्लॅस्टिकचा आहे. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मला साच्यात दाबलं, आणि साचा उघडला तेव्हा मी काळाकुट्ट बाहेर आलो. मग मला एका बंद खोलीत नेलं. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती आणि त्यांच्या हातांत मोजे होते. त्यांनी मला आधी स्वच्छ पुसलं, मग प्रायमर मारला, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि त्यावर पांढराशुभ्र रंग चढवला. उघड्या हाताने मला तिथे कुणी शिवलंसुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं, काय ही कोरडी माणसं. आता त्या मोज्यांची किंमत कळते.

सुरुवातीची वर्षं पुण्यातल्या एका बाईंकडे सुखात गेली. त्या गाडी इतकी हळू चालवायच्या की मला काही कामच नव्हतं. मग गाडी विकली गेली आणि अमृतकडे आली.

अमृत राहतो पवनानगरजवळच्या एका वाडीत. लोणावळ्याच्या स्टेशनावरून पाहुणे घ्यायचे, दुधिवऱ्याच्या खिंडीतून खाली उतरायचं आणि पवना धरणाच्या काठावर जे तंबू लागतात तिथे त्यांना सोडायचं, हा त्याचा धंदा. घरात माणसं तीन. अमृत, त्याची बायको सारिका आणि वडील गेणूआबा. आमच्या गाडीला जागा मिळाली ती गोठ्यात. गोठ्यात एके काळी हौशा आणि गुलब्या नावाचे दोन बैल होते. भातखाचरात पॉवर टिलर आला तसे ते विकले गेले. पण गव्हाण तशीच राहिली, खुंटे तसेच राहिले, आणि आबांची सवयही तशीच राहिली. रोज सकाळी ते गोठा झाडून काढायचे आणि जाता जाता गाडीच्या बॉनेटवर एक थाप मारायचे. गाडी शेपटी हलवील अशी त्यांची अपेक्षा होती की काय, कोण जाणे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. खिंडीत धुकं असं दाटलं होतं की गाडीच्या दिव्यांचा उजेड आमच्याच तोंडावर परत येत होता. वळणावर डोंगरातून एक धोंडा सुटून रस्त्यात आला होता. अमृतने ब्रेक दाबला, पण रस्ता ओला. धोंड्यावर मी आदळलो. माझा डावा कोपरा तडकला, रंगाचे पापुद्रे उडाले, आणि गाडीतून पाऊस बघायला निघालेल्या कुटुंबाला, त्यांच्या तान्ह्या मुलीसह, खरचटलंसुद्धा नाही. मुलगी तर झोपलेलीच राहिली. तिचे आईवडील खाली उतरले आणि धुक्याचे फोटो काढू लागले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते एकट्या आबांनी. संध्याकाळी गाडी गोठ्यात आली तेव्हा ते माझ्यासमोर उकिडवे बसले, तडकलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यानं अंगावर घेतलं रं, अमृता. पोरीला वाचवलं ह्यानं."

मित्रांनो, आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. ते मी अजून विसरलेलो नाही, म्हणून पुढचं सगळं सांगताना मला त्रास होतो.

अमृतने तापवलेली तार टोचून माझा कोपरा शिवला आणि रंगाचं नंतर बघू म्हणून सोडून दिलं. पण हे 'नंतर' वर्षभर आलंच नाही. पांढऱ्या गाडीला काळं, सोलपटलेलं तोंड घेऊन मी हिंडत होतो. दर शनिवारी माझ्याखाली नवं लिंबू-मिरची बांधलं जायचं. दृष्ट लागावी असं माझ्याकडे काय उरलं होतं, ते त्या लिंबालाच ठाऊक.

मग यंदा गणपती गेले आणि अमृतला अनघा मॅडमनी बोलावलं. पवनेच्या काठावरचे तंबू त्या चालवतात. पावसाळाभर तंबू बंद असतात, आणि घटस्थापनेला पहिले पाहुणे येतात. त्यांनी अमृतला चहा दिला, गाडीला एक फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"अमृतदादा, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण गाडीचं तोंड बघा. पाहुणे गाडीसमोर उभे राहून फोटो काढतात. घटस्थापनेपर्यंत नीट करून आणा. नाहीतर यंदा मला दुसरी गाडी बघावी लागेल."

हे तंबूच अमृतचा हंगाम होते. ते गेले तर स्टेशनावर इतर गाड्यांच्या रांगेत उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघणं आलं. अमृत तसाच कामशेतला एका पेंटरकडे गेला. पेंटरने मला बुटाच्या टोकाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "आत्ता लय काम पडलंय, दिवाळीशिवाय हात लावत न्हाई. आन हा कशाला रंगवतो? ह्याला भंगारात दे, नवा टाक. तुझ्या मॉडेलचा नवा यायला वेळ लागंल, तेवढं बघ."

बुटाच्या टोकाने. मी ते लक्षात ठेवलं आहे.

अमृत घरी आला आणि सारिकाला म्हणाला, "घरीच रंगवतो. मोबाईलवर समदं दावत्यात."

झालं. लोणावळ्याहून घासायचा वॉटर पेपर आला, प्लॅस्टिकच्या प्रायमरचे डबे आले, पांढऱ्या रंगाचे डबे आले, सगळे फुस्स करून उडवायचे. अमृतने मला गाडीवरून उतरवलं. उतरवताना माझ्या दोन खिट्ट्या मोडल्या, पण त्याबद्दल मी बोलत नाही, कारण त्यानंतर त्याने खरंच मन लावून काम केलं. पाणी मारत मारत मला घासलं, शिवलेला कोपरा पुट्टी भरून सपाट केला, साबणाने धुतलं आणि आडवं करून गव्हाणीवर ठेवलं. माझ्या अंगावर कितीतरी दिवसांनी एकही डाग नव्हता. मला कारखान्यातल्या त्या खोलीची आठवण झाली.

"आबा," अमृत ओसरीवर बसलेल्या वडिलांना म्हणाला, "उद्या सकाळच्याला ह्याला रंग द्यायचाय. गोठ्यात झाडू मारू नका, धूळ उडंल."

"न्हाई मारत," आबा म्हणाले.

आणि त्यांनी मारलाही नाही. पण दिवस कलला तसे ते गोठ्यात आले. हातात गोडेतेलाची वाटी होती. माझ्याजवळ बसून त्यांनी बोटं बुडवली आणि माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेल चोळायला सुरुवात केली.

मित्रांनो, तुमच्यापैकी शहरातल्यांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे भाद्रपदाच्या अमावास्येला पोळा असतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात. पण आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांना तेल चोळायचं, वर्षभर राबवून घेतलं म्हणून हात फिरवायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी रंग. आबांनी उभ्या आयुष्यात हे असंच केलेलं. उद्या रंग, म्हणजे आज तेल. आता गोठा तोच, गव्हाण तीच, उद्या रंग द्यायचा हे लेकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे राहून मार खाणारा मी समोर आडवा पडलेला. त्यांच्या हिशेबाने यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या हिशेबाने मात्र सत्यानाश होता. प्लॅस्टिकला तेल मुरत नाही. ते वर बसून राहतं. आणि तेलावर रंग धरत नाही, जगाच्या पाठीवर कुठेच धरत नाही. मी आतल्या आत ओरडत होतो की आबा, नका, कृपा करा, थांबा. पण मला तोंड असलं तरी ते गाडीचं तोंड. आबांनी चांगलं मन लावून चोळलं, आणि तेल मुरलं असं समजून उरलेलं धोतराच्या सोग्याने पुसून घेतलं. त्यामुळे चमकसुद्धा राहिली नाही. कुणाला संशय येईल अशी एक खूण राहिली असती तरी मी देवाला हात जोडले असते, म्हणजे हात असते तर.

सकाळी अमृतने मला कोरड्या फडक्याने झटकलं आणि डबा हलवून प्रायमर उडवला. पहिला हात पडताच अस्तराला गोल गोल भोकं पडली, चिंचोक्याएवढी. प्रायमर माझ्यापासून लांब पळत होता. भोकाभोवती त्याची कड जमत होती आणि मधे माझं काळं अंग उघडं दिसत होतं. अमृतने तिथे आणखी उडवला, तेव्हा त्याचे ओघळ झाले.

"धुकं," अमृत म्हणाला. "ह्या धुक्यानं घात केला. हवेत पाणी हाय नुसतं."

सकाळी तुंग किल्ल्याच्या अंगाने धुकं उतरलेलं होतंच. बिचाऱ्या धुक्याने या खेपेला काही केलं नव्हतं, पण त्याची बाजू कोण घेणार.

त्याने सगळं खरवडून काढलं, मला पुन्हा घासलं, पुन्हा धुतलं आणि ऊन पडायची वाट बघत बसला. एक लख्ख दिवस आला. आदल्या संध्याकाळी त्याने आबांना सांगितलं, "उद्या ऊन हाय. उद्या रंग देतो."

तुम्हाला कळलंच असेल. सांगितल्याबरोबर वाटी आली.

या वेळी आबा माझ्याशी बोललेही. "मागल्या येळंला त्याल कमी पडलं व्हय रं?" त्यांनी विचारलं. "कातडं कोरडं ऱ्हायलं आन रंग सुटला. आज नीट चोळतो." मित्रांनो, मी कितीतरी धक्के खाल्ले आहेत. खिंडीतला धोंडा खाल्ला आहे. पण इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो. माझ्यावर माया करणारा एकुलता एक माणूस माझा सत्यानाश करत होता, आणि जितका सत्यानाश होत होता तितकी त्याची माया वाढत होती.

लख्ख उन्हात पुन्हा तीच भोकं पडली, आधीच्यापेक्षा जास्त. आता धुक्याचं नाव घेता येईना, म्हणून अमृतने दुकानदाराचं घेतलं. डबाच खोटा म्हणे. मग मोबाईलवर बराच वेळ बघत बसला आणि तिथे कुणीतरी सांगितलं की अशी भोकं पडतात ती तेलामुळे. मी म्हटलं, चला, सुटलो. आता हा गोठ्यात येईल, वास घेईल, विचारेल.

तो स्वयंपाकघरात गेला.

"सारिका, तुझी फोडणी," तो म्हणाला. "भिंतीला लागून गोठा हाय. तेलाचा समदा धूर तिकडं जातोय आन बंपरवर बसतोय."

सारिका भाकरी थापत होती. तिने पीठ भरलेले हात परातीच्या काठावर ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली, "आन रोज मी त्याच्यावर भजीबी तळती. तुमाला दिसली न्हाईत व्हय?"

"चेष्टा नको. रंग हुईस्तवर फोडणी बंद."

"बंद तर बंद. मग उकडलेलं खा आन माझ्या नावानं खडे फोडू नका."

पुढचे काही दिवस घरात उकडलेली डाळ आणि उकडलेली भाजी शिजली. कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आबा बिनफोडणीचं मुकाट्याने जेवत होते आणि त्यांच्या मनात एवढंच होतं की सूनबाई तेल वापरत नाही, तर आपल्याला वाटी भरून घ्यायला मोकळीक. मी गव्हाणीवर पडून सगळं ऐकत होतो. भिंतीपलीकडे नवराबायको भांडत होते ते ज्या तेलावरून, ते तेल माझ्या अंगावर होतं, आणि ते लावणारा माणूस दोघांच्या मधे बसून भाकरी कुस्करत होता. एक शब्द बोलता आला असता तर मी फक्त "आबा" म्हणालो असतो. पुढचं त्यांनी ओळखलं असतं.

अमावास्या जवळ येत चालली. रंगाचे डबे संपत आले. गाडी झाली का, म्हणून विचारायला अनघा मॅडमचा फोन आला, आणि फोन ठेवून अमृत गोठ्यात आला. मग त्याने मला परत घासलं, धुतलं, गव्हाणीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही शेवटची खेप. उद्या रंग बसला तर बसला. न्हाईतर परवा भंगारवाल्याला बोलावतो. त्या पेंटरचंच खरं झालं म्हणायचं."

आबांनी हे ओसरीवरून ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि उठून आत गेले.

उन्हं कलली तशी ते वाटी घेऊन आले. वाटी या वेळी काठोकाठ भरलेली होती. ते बसले. शिवलेल्या डाव्या कोपऱ्यावर त्यांनी पहिलं बोट टेकवलं.

"आबा, हितं काय करताय?"

दारात अमृत होता. मोडलेल्या खिट्ट्यांच्या जागी नव्या लावून बघायला तो आला होता, हातात खिट्ट्यांची पुडी होती. आबांनी वर बघितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. वाटी मांडीवर, बोटं तेलाने भरलेली.

"खांदेमळणी करतो," ते म्हणाले. "उद्या रंग हाय न्हवं? मग आज त्याल लावाया पायजे."

अमृत पुढे आला. वाकून त्याने माझ्यावर तळहात फिरवला आणि नाकाशी नेला. त्याच्या हातातली पुडी चुरगळली. माझ्या आयुष्यात मी अनेक गाड्या समोरून येताना पाहिल्या आहेत. धडक होणार हे कळतं तेव्हाचा तो क्षण मला चांगला ओळखता येतो. हा तोच होता.

"मागल्या दोन्ही येळंला लावलं?" अमृतने विचारलं. त्याचा आवाज चढायला लागला होता.

"लावलं की. रोज न्हाई लावत मी, रंगाच्या आदल्या दिशीच लावतो. पयल्यांदा जरा कमी पडलं, मंग दुसऱ्यांदा चांगलं चोळलं." आबा बोलता बोलता थांबले. अमृतचा चेहरा त्यांनी बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे. "तुज्या रंगाला भोकं पडत्यात ती..." ते म्हणाले.

भिंतीपलीकडे सारिकाचं भांडी घासणं थांबलं होतं. मी अमृतला ओळखतो. दुकानदाराला तो बोलला होता, धुक्याला बोलला होता, बायकोला बोलला होता. आता जो खरा हाती लागला त्याला किती बोलेल, याची मला धास्ती पडली होती. आणि गंमत बघा, एवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात आबांना जे जे बोललो होतो, त्यातला एक शब्दही त्यांच्या कानावर पडू नये असं मला त्या वेळी वाटलं.

अमृत गव्हाणीच्या कडेवर बसला. चुरगळलेली पुडी त्याने बाजूला ठेवली.

"आबा, बैलाच्या कातड्यात त्याल मुरतं," तो हळू म्हणाला. "ह्याच्यात मुरत न्हाई. वरच ऱ्हातं. मंग रंग धरत न्हाई, सुटतो."

आबांनी वाटी जमिनीवर ठेवली. बोटं धोतराला पुसली, परत बघितली, परत पुसली.

"मंग ह्याला काय लावू?" त्यांनी विचारलं.

अमृतच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. "साबण," तो म्हणाला. "भांड्याचा साबण लावा, आबा. लय लावा."

दुसऱ्या सकाळी विहिरीच्या कट्ट्याजवळ आबांनी मला धुतलं. भांड्याचा साबण, काथ्याचा चोथा आणि बादलीमागून बादली पाणी. बैल धुतात तसं धुतलं, कोपऱ्याकोपऱ्यातून, खालून, आतून. सारिकाने हाताने पाणी मारून बघितलं. पाणी थेंब धरून न थांबता सपाट पसरलं, तेव्हा ती म्हणाली, "आता न्हाई ऱ्हायलं त्याल." मग अमृतने थिनर लावलेल्या फडक्याने मला पुसलं, हातात मोजे घालून. कारखाना सोडल्यापासून मोजे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ऊन होतं, वारा नव्हता. अमृतने प्रायमर उडवला. पातळ, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, हात कुठेही न थांबवता. तिघंही वाकून बघत होते. भोक पडलं नाही. एक थर सुकू दिला, मग दुसरा. दुपारी पांढरा रंग, तोही तसाच थराथराने, आणि शेवटी चकाकीचा बिनरंगी थर. आबा सगळा वेळ लांब उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू हात सुटले तर आपणहून माझ्याकडे धावतील. मी पुन्हा पांढरा झालो. संध्याकाळी घरात लसणाची फोडणी पडली आणि तिचा वास गोठ्यापर्यंत आला.

इथे खरं तर माझी गोष्ट संपायला हवी. भंगारातून सुटलो, हंगाम वाचला, सारिकाचा रुसवा गेला. पण मित्रांनो, मला चैन नव्हतं. मला गाडीवर परत बसवलं, आणि आबा रोज सकाळी गोठा झाडून गाडीला वळसा घालून निघून जाऊ लागले. बॉनेटवरची थाप बंद झाली. माझ्या जवळ आले की ते हात मागे घ्यायचे. इतके दिवस मी ज्या हातांना वैतागलो होतो, ते हात आता येत नव्हते, आणि मी त्याच्यावरही वैतागलो. आधीच सांगितलं होतं, माझा स्वभाव गोड नाही.

पोळ्याच्या आदली संध्याकाळ आली. वाडीत ज्यांच्याकडे बैल राहिले आहेत त्यांच्याकडे खांदेमळणीची गडबड होती, घुंगरांचा आवाज येत होता. आबा ओसरीवर बसून तो ऐकत होते. अमृत बाहेरून आला, वडिलांकडे एकदा बघून आत गेला आणि परत आला तो हातात वाटी घेऊन.

"आबा," तो म्हणाला, "रंग पार वाळला. आता त्याल लावलं तरी चालतंय."

आबांनी वाटीकडे बघितलं, घेतली नाही. "नको बाबा. परत काय तरी हुईल."

"न्हाई होत. वर त्याल, खाली रंग. रंग पक्का झालाय. आन उद्या पोळा हाय, आबा. ह्याला काय उपाशी ठेवायचं?"

आबा उठले. गोठ्यात येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. पहिलं बोट लावायला त्यांना वेळ लागला. मग शिवलेल्या डाव्या कोपऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि सवयीने पुटपुटू लागले, वर्षभर लय राबलास रं बाबा, लय सोसलंस. अमृत शेजारी बसून वाटी धरून होता.

तेलाचा मला काडीइतका उपयोग नाही, हे मी आजही सांगतो. पोळ्याच्या दिवशी मी गोठ्यातच होतो. घटस्थापनेला खिंडीतून जाताना वाटेतली झाडून सगळी धूळ माझ्या अंगाला चिकटली. पवनेच्या काठावर अनघा मॅडमनी मला निरखून बघितलं, खूश झाल्या, आणि रंगावरून बोट फिरवून म्हणाल्या, "छान झालंय. पण हे चिकट काय आहे?"

"खांदेमळणी झालीय त्याची, मॅडम," अमृत म्हणाला, आणि पाहुण्यांच्या बॅगा उतरवायला गेला.

तर मित्रांनो, कधी घरी प्लॅस्टिकला रंग द्यायची वेळ आली, तर ते साबणाने धुवा, नीट पुसा आणि मग उघड्या हाताने त्याला शिवू नका. रंगाला भोकं पडली तर धुक्यावर आणि फोडणीवर चिडण्याआधी घरातली म्हातारी माणसं संध्याकाळी काय करतात ते जाऊन बघा. वाटी सापडली तर हळू काढून घ्या. आणि रंग वाळला की ती त्यांना परत द्यायला विसरू नका.